जुन्या जेझुइट चॅपेलचा इतिहास शोधताना: भिंतीपासून दप्तरापर्यंत

दारावरच्या पाटीवर कोरलेलं साल आधी बाजूला ठेवा. ते खोटंच असेल असं नाही, पण ते नेमकं कशाचं साल आहे हे पाटी सांगत नाही. येशूसंघाचा, म्हणजे जेझुइटांच्या संघाचा, पहिला धर्मगुरू गावात आला ते साल, जमीन मिळाली ते, पायाचा दगड बसला ते, छप्पर चढलं ते, पहिली मिस्सा (वेदीवरची उपासना) झाली ते, की बिशपांनी अभिषेक केला ते? ही सगळी सालं एकाच इमारतीची असू शकतात आणि पहिल्या-शेवटच्यात तीस-चाळीस वर्षांचं अंतर सहज पडतं. शिवाय पाटी कधी बसली हेही पाहायला हवं. शताब्दी-द्विशताब्दीच्या निमित्तानं बसवलेल्या पाट्या भरपूर असतात. पुढची सगळी माहितीपत्रकं तेच साल उचलतात, आणि पन्नास ठिकाणी छापलं गेलं म्हणून ते पक्कं वाटायला लागतं. मागे मागे जाऊन पाहिलं तर पन्नासही ठिकाणांचा उगम त्या एका पाटीत निघतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून एका वहीत चार रकाने आखा: विधान, पुरावा, तो पुरावा कोणत्या साली तयार झाला, आणि खात्री किती. खात्रीसाठी तीनच शब्द पुरतात: पक्कं, बहुधा, ऐकीव. यातला तिसरा रकाना भरायचा कंटाळा करू नका. १६५० च्या घटनेबद्दल १८९० साली लिहिलेला कागद हा १८९० चा पुरावा आहे. १८९० मध्ये लोक काय मानत होते एवढंच तो नक्की सांगतो.

आधी संघाची कालरेषा

कागद शोधायला निघण्याआधी एका लांब पट्टीवर काही तारखा मांडा. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली. १७५९ मध्ये पोर्तुगालनं आपल्या सगळ्या मुलखातून जेझुइटांना हाकललं. फ्रान्सनं १७६४ मध्ये, तर स्पेननं १७६७ मध्ये तेच केलं. २१ जुलै १७७३ रोजी पोप चौदावे क्लेमेंट यांनी संघच विसर्जित केला. ७ ऑगस्ट १८१४ रोजी पोप सातवे पायस यांनी तो पुन्हा उभा केला.

या पट्टीवर तुमचं गाव त्या काळी कोणत्या राजवटीखाली होतं ते लिहा, म्हणजे अर्धे गोंधळ तिथेच सुटतात. पोर्तुगीज अमलातल्या गावात ‘जेझुइटांनी १७६५ साली बांधलं’ हे विधान टिकत नाही. रशियात मात्र सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीननं पोपचा आदेश लागूच होऊ दिला नाही, त्यामुळे तिथे संघ अखंड चालू राहिला. इंग्लंड आणि अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये माणसं तीच राहिली, फक्त त्यांच्या नावापुढचं ‘एस. जे.’ (सोसायटी ऑफ जीझस, म्हणजे येशूसंघ) गेलं. ते बिशपांच्या हाताखालचे साधे धर्मप्रांतीय पुरोहित म्हणून त्याच चॅपेलांमध्ये काम करत राहिले. मेरीलँडमधले काही जण १८०५ मध्ये रशियातल्या संघाशी जोडून घेऊन पुन्हा जेझुइट झाले. अशा ठिकाणी १७९० चं चॅपेल ‘माजी जेझुइटांनी बांधलेलं’ असू शकतं. हा ‘माजी’ शब्द गाळला तर विधान चुकतं.

१८१४ नंतरचं चॅपेल असेल तर प्रश्नच वेगळा. जुना संघ आणि नवा संघ यांची दप्तरं निरनिराळी लावलेली असतात. गावात दोन्ही काळांत जेझुइट होते, तर लोकांच्या आठवणीत दोन्ही इमारती एक होऊन जातात. जुनी पडली, नवी त्याच जागी किंवा शंभर पावलांवर उभी राहिली, आणि नवीच्या खात्यावर जुनीचं वय जमा झालं, हा घोळ फार ठिकाणी आढळतो.

हे चॅपेल कोणत्या प्रकारचं?

छोट्या गावातलं जेझुइट चॅपेल साधारण पाच कारणांनी उभं राहिलेलं असतं. कॉलेजच्या आवारातलं, फिरत्या मिशनचा मुक्काम म्हणून बांधलेलं, संघाच्या शेतीवाडीवरचं, एखाद्या दात्याच्या घराला लागून असलेलं, किंवा मरिया मंडळाचं. हे मंडळ म्हणजे १५६३ मध्ये रोमच्या कॉलेजात सुरू झालेला विद्यार्थ्यांचा आणि पुढे गावकऱ्यांचा भक्तिसंघ. त्याचं स्वतंत्र चॅपेल असे, स्वतंत्र हिशेब असे आणि सभासदांच्या नावांची यादीही असे.

प्रकार ठरवायचा तो कागद कुठे सापडतील हे कळण्यासाठी. शेतीवाडीवरच्या चॅपेलचा उल्लेख धार्मिक कागदांत फार कमी येतो, तो जमीनजुमल्याच्या आणि उत्पन्नाच्या हिशेबात येतो. दात्याच्या घरचं चॅपेल मृत्युपत्रांत आणि नोटरीच्या दस्तांत सापडतं. मिशनचा मुक्काम असेल तर त्याला रोमच्या दप्तरात स्वतःचं पानच नसतं. तो जवळच्या कॉलेजच्या पोटात, ‘त्या कॉलेजची मोहीम’ म्हणून दोन ओळींत येतो. गावाच्या नावानं शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही. त्या काळी कोणत्या कॉलेजखाली गाव मोडत होतं ते आधी काढा.

खरंच जेझुइट आहे का?

वेदीवर किंवा दारावर सूर्यकिरणांच्या वर्तुळात ‘आयएचएस’ ही तीन अक्षरं, मधल्या अक्षरावर क्रूस आणि खाली तीन खिळे दिसले की लोक लगेच जेझुइट म्हणतात. एवढ्यावर विसंबू नका. येशूच्या नावाचं हे चिन्ह पंधराव्या शतकात फ्रान्सिस्कन प्रचारक सिएनाचे संत बर्नार्डिन यांनी इटलीभर लोकप्रिय केलं, म्हणजे येशूसंघ जन्मण्याच्या शंभरेक वर्षं आधी. जेझुइटांनी ते आपलं मानलं, पण मक्ता कधीच त्यांच्याकडे नव्हता.

जास्त बोलके असतात ते जेझुइट संतांचे पुतळे, आणि त्यातही पुतळ्याखालचं नाव. कॅथलिक चर्चमध्ये आधी ‘धन्य’ आणि मग ‘संत’ अशा दोन पायऱ्या आहेत आणि दोन्हींच्या तारखा पक्क्या आहेत. लॅटिनमध्ये धन्यसाठी ‘बी’, संतासाठी ‘एस’ हे अक्षर नावाआधी येतं. संघाचे संस्थापक इग्नेशियस १६०९ मध्ये धन्य झाले आणि १२ मार्च १६२२ रोजी संत. फ्रान्सिस झेवियर १६१९ मध्ये धन्य आणि त्याच दिवशी, १६२२ मध्ये, संत. तेव्हा झेवियरच्या चित्राखाली ‘बी’ असेल तर ते लिखाण बहुधा त्या तीन वर्षांतलं. अलॉयशियस गोन्झागा आणि स्टॅनिस्लॉस कोस्तका हे दोघे १६०५ मध्ये धन्य झाले, संत व्हायला १७२६ उजाडलं. फ्रान्सिस बोर्जा १६७१, फ्रान्सिस रेजिस १७३७, पीटर क्लेव्हर १८८८. मुख्य वेदी संत पीटर क्लेव्हरच्या नावे असेल तर ते नाव १८८८ आधीचं नाही, इमारत त्याहून कितीही जुनी असो.

नाव पुसलेलं असेल तर हातातल्या वस्तू पाहा. इग्नेशियसच्या हातात बहुधा उघडं पुस्तक, छातीवर किंवा पुस्तकावर येशूच्या नावाचं चिन्ह. झेवियर पांढरा झगा आणि स्टोल (धर्मगुरूच्या गळ्यातली लांब पट्टी) घातलेला, हातात क्रूस, किंवा दोन्ही हातांनी छातीवरचा कपडा बाजूला करून पेटतं हृदय दाखवणारा. बोर्जाच्या हातात मुकुट घातलेली कवटी. गोन्झागाजवळ लिली आणि क्रूस, कोस्तकाच्या कडेवर बाळ येशू. हे चार-पाच पुतळे एकाच वेदीच्या चौकटीत, एकाच लाकडात, एकाच हातचे असतील तर जेझुइट संबंध भक्कम आहे. एकटादुकटा झेवियर मात्र कुठेही असतो, तो सगळ्या मिशनांचा संत आहे.

वेदी मुळातली त्याच चॅपेलची आहे का, हे तपासायला तिच्या बाजूला उभं राहून मागच्या फटीत टॉर्च मारा. चौकट भिंतीला नीट बसलेली आहे, की वरचा भाग छताला अडतो म्हणून कापला आहे, की कडेला नव्या लाकडाची पट्टी मारून रुंदी भरून काढली आहे? संघ विसर्जित झाल्यावर मोठ्या चर्चमधल्या वेद्या छोट्या गावांत गेल्या आणि छोट्या गावांतल्या विकल्या गेल्या. कापलेली वेदी बाहेरून आलेली असते. वेदीच्या दगडात संतांचे अवशेष ठेवायची लहानशी पेटी असते. तिचा दगडी तुकडा स्वतः उचलू नका. तो काढणं धर्मप्रांताच्या अधिकारातलं काम आहे आणि एकदा मोहोर फुटली की पुरावाही गेला.

भिंतींवर सारख्या उंचीवर बारा क्रूस रंगवलेले किंवा कोरलेले दिसले तर इमारतीचा रीतसर अभिषेक झाला होता. छोट्या चॅपेलांना सहसा नुसता आशीर्वाद दिला जाई, तिथे हे क्रूस नसतात.

टेप घेऊन मोजणं

इमारत मोजायला दोन माणसं, तीस मीटरचा टेप, ओळंबा, जाड पुठ्ठा आणि दिवसभराचा वेळ लागतो. प्रत्येक भिंतीवर टेप एकदाच, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणा आणि दारं-खिडक्यांची मापं त्याच शून्यापासून वाचत जा. दार वेगळं, मधली भिंत वेगळी, खिडकी वेगळी असं मोजून बेरीज केली तर प्रत्येक तुकड्याची अर्ध्या सेंटीमीटरची चूक साठत जाते.

मग दोन्ही कर्ण मोजा. आतली लांबी ९ मीटर आणि रुंदी ५ मीटर असेल तर कर्ण १०.३० मीटर यायला हवा. दोन कर्णांत दहा-पंधरा सेंटीमीटरचा फरक निघाला तर खोली गुण्यात नाही. गवंड्याची चूक असेल, किंवा एक भिंत आधीच उभ्या असलेल्या दुसऱ्या इमारतीची असेल. हे दुसरं कारण आधी तपासा. जुन्या घराला टेकवून बांधलेल्या चॅपेलमध्ये हमखास हेच निघतं.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि तिथेच सगळ्यात जास्त माहिती दडलेली असते. मापं मीटरमधून जुन्या एककांत फिरवा. पोर्तुगीज पाल्मो २२ सेंटीमीटरचा, कास्तीलचा व्हारा ८३.५९ सेंटीमीटरचा, फ्रान्सचा राजफूट ३२.४८ सेंटीमीटरचा, इंग्रजी फूट ३०.४८ सेंटीमीटरचा. समजा आतली रुंदी ६.६० मीटर आणि लांबी १३.२० मीटर आली. फुटांत ते २१.६५ आणि ४३.३१ असं विस्कटलेलं निघतं. पाल्मोंत बरोबर ३० आणि ६०. म्हणजे आखणी करणाऱ्याच्या हातात पाल्मोची दोरी होती आणि त्यानं एकास दोन हे प्रमाण धरलं होतं. आता मागची सॅक्रिस्टी (उपासनेची वस्त्रं-भांडी ठेवायची खोली) ४ मीटर बाय ३ मीटर भरली तर पाल्मोंत १८.१८ आणि १३.६४ येतात, मीटरमध्ये मात्र पूर्णांक. ती खोली मेट्रिक मापं रुजल्यानंतरची असण्याचा संभव मोठा, आणि फ्रान्समध्येसुद्धा ही पद्धत १७९५ मध्येच कायद्यात आली.

यात दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे गिलावा. दोन्ही बाजूंचा मिळून चार-सहा सेंटीमीटर जातो, म्हणून गिलावा उडालेली जागा शोधून तिथे दगडापासून मोजा. दुसरं म्हणजे हवं ते एकक सापडेपर्यंत भागाकार करत राहणं. लांबी, रुंदी, उंची आणि दाराची रुंदी अशी किमान चार मापं एकाच एककात जवळजवळ पूर्णांक आली तरच निष्कर्ष काढा.

भिंत आणि लाकूड

भिंतीत उभा सरळ सांधा वरपासून खालपर्यंत गेलेला दिसला, आणि दोन्ही बाजूंचे दगड एकमेकांत अडकलेले नसले, तर ती दोन वेगळ्या वेळची बांधकामं आहेत. ज्या बाजूला कोपऱ्याचे घडीव दगड संपूर्ण आहेत ती बाजू आधीची. बुजवलेली दारं, परांचीची भोकं ज्या उंचीवर एकदम रांग बदलतात ती जागा, दगडाचा रंग किंवा विटेचं माप बदलतं ती ओळ, हे सगळं कागदावर उतरवा. दर्जांमध्ये, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, करडं, कठीण, नखानं न खरवडणारं सिमेंट असेल तर ती दुरुस्ती १८२४ नंतरची, कारण पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच त्या साली निघालं. सिमेंटनं जुन्या चुन्याच्या भिंतीचं नुकसानही होतं. ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि मग दगडच भुगा होऊन गळतो. असा भाग दिसला तर फोटो आधी काढा, पुढच्या पावसाळ्यानंतर तो पुरावा शिल्लक राहीलच असं नाही.

माळ्यावर चढायला मिळालं तर वासे आणि तुळया पाहा. सरळ पण कमीजास्त अंतरावरच्या करवतीच्या खुणा म्हणजे हातानं चिरलेलं लाकूड. धनुष्यासारख्या वाकड्या खुणा म्हणजे गोल करवत, म्हणजे बहुधा एकोणिसावं शतक किंवा नंतरचं. हातानं घडवलेला खिळा चारही बाजूंनी निमुळता असतो, यंत्रानं कापलेला दोनच बाजूंनी, आणि तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्रास झाला. तुळईत कूस, म्हणजे दुसऱ्या लाकडाचं टोक, न बसलेल्या रिकाम्या खाचा दिसल्या तर ते लाकूड दुसऱ्या इमारतीतून आणलेलं आहे. अशा तुळईचं वय चॅपेलचं वय म्हणून देऊ नका. वार्षिक कड्यांवरून वय काढून घ्यायचं असेल तर सालीलगतचं शेवटचं कडं शाबूत असलेला तुकडाच निवडा, नाहीतर झाड कधी तोडलं ते वर्ष मिळत नाही, ‘यानंतर कधीतरी’ एवढंच मिळतं. पन्नासहून कमी कडी असतील तर पैसे खर्च करू नका.

झिजलेला शिलालेख वाचायला पाणी, तेल, खडू, तारेचा ब्रश यांतलं काहीही वापरू नका. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून, दहा-पंधरा अंशांच्या कोनात धरा. आधी डावीकडून, मग वरून, मग उजवीकडून, आणि प्रत्येक वेळी कॅमेरा न हलवता फोटो घ्या. एका फोटोत न दिसणारं अक्षर दुसऱ्यात दिसतं.

शिलालेखात किंवा घंटेवर मधलीच काही अक्षरं विनाकारण मोठी काढलेली असतील तर ते बहुधा अक्षरांत लपवलेलं साल आहे. जर्मन, ऑस्ट्रियन आणि फ्लेमिश भागांत याची फार आवड होती. मोठी अक्षरं वेचा आणि किमती नुसत्या मिळवा: एम १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०, व्ही ५, आय १. लॅटिनमधला यू हा व्हीच धरतात. इथे वजाबाकीचा नियम लागत नाही. आयनंतर व्ही आला तरी चार नाही, सहाच. घंटेचं साल मात्र घंटेचंच असतं. घंटा उतरवून दुसऱ्या गावी नेणं सोपं होतं.

रोमकडे गेलेले कागद

येशूसंघ सतत लिहिणारा संघ होता आणि छोट्या गावाचा इतिहास शोधणाऱ्याला याचा मोठा आधार आहे. मूळ दप्तर रोममधल्या येशूसंघाच्या अभिलेखागारात आहे. ते संघाच्या प्रांतांनुसार, म्हणजे संघाच्या कारभाराच्या विभागांनुसार, लावलेलं आहे, गावांनुसार नाही. काही प्रांतांची स्वतंत्र दप्तरं लंडन, सेंट लुईस अशा ठिकाणीही आहेत. पत्र लिहिताना ‘आमच्या चॅपेलबद्दल काय आहे ते कळवा’ असं लिहाल तर उत्तर देणाऱ्याला काहीच करता येत नाही. प्रांताचं नाव, ज्या कॉलेजखाली मुक्काम होता त्याचं लॅटिन नाव, दहा वर्षांची मर्यादा आणि कोणत्या प्रकारचा कागद हवा, या चार गोष्टी लिहा.

कागदांचे प्रकार असे. वार्षिक पत्रं: प्रत्येक घरानं वर्षभराचा वृत्तान्त प्रांताला आणि प्रांतानं रोमला कळवायचा. दर तीन वर्षांच्या याद्या: त्यांचा पहिला भाग माणसांचा, म्हणजे नाव, जन्मगाव, वय, प्रकृती, संघात कधी आला, काय शिकला, काय काम करतो. दुसरा भाग स्वभाव आणि कुवत यांचा. तिसरा भाग घराच्या उत्पन्नाचा आणि कर्जाचा. बांधकाम शोधणाऱ्यानं तिसऱ्यापासून सुरुवात करावी. कर्ज एकाएकी फुगलेलं दिसलं की त्या तीन वर्षांत काहीतरी बांधलं जात होतं असा संशय घ्यायला जागा आहे. मग पहिल्या भागात त्या काळी त्या घरात सुतार, गवंडी किंवा चित्रकार म्हणून नोंदलेला एखादा ब्रदर, म्हणजे धर्मगुरू नसलेला संघाचा सदस्य, आहे का ते पाहा. संघातले पुष्कळ कारागीर असे ब्रदरच होते. रोमच्या संत इग्नेशियस चर्चचं छत रंगवणारे आन्द्रेआ पोझ्झोसुद्धा धर्मगुरू नव्हते, ब्रदर होते.

नकाशेही पाहा. नव्या बांधकामाचा आराखडा मंजुरीसाठी रोमला पाठवायचा असा दंडक होता. त्यातल्या आराखड्यांचा मोठा संग्रह आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. खेड्यातल्या चॅपेलचा आराखडा सापडणं कठीण, कॉलेजच्या आराखड्यात कोपऱ्यात ते काढलेलं सापडू शकतं. आणि मंजूर झालेलं तसंच बांधलं गेलं असं गृहीत धरू नका. म्हणून तर आधी टेप घेऊन मोजायचं.

वार्षिक पत्रं वाचताना शब्द तोलून घ्या. ती वाचणाऱ्याची श्रद्धा वाढावी म्हणून लिहिलेली असत, तेव्हा भांडणं आणि अपयश त्यांत अर्धवट येतं आणि आकडे गोल असतात. त्याहून मोठा धोका क्रियापदांचा. ‘एक्स्त्रुक्तुम’ म्हणजे बांधलं, ‘अब्सोलुतुम’ म्हणजे पुरं केलं, ‘इन्स्ताउरातुम’ म्हणजे नव्यानं ठीकठाक केलं, ‘ओर्नातुम’ म्हणजे सजवलं. घाईत भाषांतर करणारा सगळ्यांचं ‘बांधलं’ करून टाकतो आणि एकाच चॅपेलच्या चार जन्मतारखा तयार होतात. ‘आ फुंदामेंतिस’, पायापासून, हे शब्द असतील तेव्हाच नवी इमारत माना. आणखी एक: ‘साचेल्लुम’ म्हणजे चॅपेल खरं, पण मोठ्या चर्चमधल्या बाजूच्या वेदीच्या कोनाड्यालाही तोच शब्द आहे. ‘संत झेवियरचं साचेल्लुम बांधलं’ हे वाक्य तुमच्या इमारतीचं आहे की कॉलेजच्या चर्चमधल्या डाव्या कोनाड्याचं, हे आजूबाजूच्या ओळी वाचल्याशिवाय ठरवू नका.

जप्तीच्या याद्या

संघावर संकट आलं तेव्हा सरकारी कारकून दारात उभे राहिले आणि त्यांनी जे दिसलं ते सगळं लिहून काढलं. इतिहासाला याहून तपशीलवार कागद क्वचित मिळतो. स्पेनच्या मुलखात १७६७ नंतरच्या या मालमत्तेच्या दप्तराला ‘तेम्पोरालिदादेस’ म्हणतात. माद्रिदच्या राष्ट्रीय ऐतिहासिक अभिलेखागारात आणि सांतियागोच्या चिलीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जेझुइटांचे मोठे संग्रह आहेत. पोर्तुगालचं दप्तर लिस्बनच्या तोर्रे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

अशी यादी नुसती वस्तूंची म्हणून वाचू नका. कारकून इमारतीतून चालत गेला आहे आणि ज्या क्रमानं गेला त्याच क्रमानं लिहीत गेला आहे. ‘मुख्य वेदीवर… सुवार्तेच्या बाजूच्या वेदीवर… सॅक्रिस्टीत… सॅक्रिस्टीतून कोठाराकडे जाणाऱ्या दाराशी…’ तुम्ही मोजून काढलेला नकाशा पुढे ठेवा आणि पेन्सिलीनं त्याच्या पावलावर पाऊल टाका. सुवार्तेची बाजू म्हणजे वेदीकडे तोंड केलं असता डावी. जिथे यादीतलं दार आहे आणि तुमच्या नकाशात भिंत आहे, तिथे जाऊन गिलाव्यावर बोटांनी ठोका. पोकळ आवाज किंवा उभी चीर मिळाली तर बुजवलेलं दार मिळालं.

बिशपांच्या भेटीचे अहवालही असेच उपयोगी. छपराची अवस्था, वस्त्रं, घंटा, बाप्तिस्म्याचं पात्र, सगळं त्यांत येतं. पण जेझुइटांच्या स्वतःच्या घरांना बिशपांच्या तपासणीतून बहुतेक सूट होती. त्यामुळे हे अहवाल पुष्कळदा संघ गेल्यानंतरच सुरू होतात. आधीचे नाहीत म्हणून चॅपेलच नव्हतं असा अर्थ काढू नका.

तारखा आणि संक्षेप

जुन्या कागदात आकडा सात आणि पुढे ‘ब्रिस’ असं दिसलं तर तो सातवा महिना, जुलै, नाही. तो सप्टेंबर आहे. तसंच आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, दहा म्हणजे डिसेंबर. या एका चुकीनं गावच्या सणांचे क्रम उलटे होतात.

रोम, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ४ ऑक्टोबर १५८२ नंतर थेट १५ ऑक्टोबर आला. कॅलेंडरची ही सुधारणा घडवणाऱ्यांत जेझुइट गणिती क्लाव्हियस होते. इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींनी ती १७५२ मध्ये स्वीकारली. तोवर त्यांच्या तारखा आधी दहा आणि १७०० पासून अकरा दिवस मागे होत्या, आणि इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. तिथल्या कागदावरचा १० फेब्रुवारी १६९० म्हणजे आपल्या हिशेबानं १६९१ चा फेब्रुवारी. नोंदीत कागदावरची तारीख जशीच्या तशी उतरवा आणि शेजारी आपल्या हिशेबाची लिहा. मूळ तारीख पुसून सुधारलेलीच ठेवली तर पुढच्या माणसाला तपासायला काही उरत नाही.

इंग्रजी कागदात ‘एफ आर’ ही अक्षरं फादरसाठी, लॅटिन कागदात तीच ‘फ्रातेर’साठी, म्हणजे ब्रदरसाठी. गवंड्याचा मिस्सा म्हणणारा धर्मगुरू होतो तो इथे.

ऐकीव गोष्टी आणि भुयार

गावातल्या वयस्कर माणसांशी बोलताना रेकॉर्डिंगची परवानगी घ्या, आणि ‘हे १७०० साली बांधलं ना?’ असं विचारू नका. ‘तुम्ही लहान असताना वेदी कुठे होती?’, ‘कठडा कधी काढला?’, ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ असं विचारा. १९६० नंतरच्या दशकांत पुष्कळ चॅपेलांतली वेदी भिंतीपासून पुढे सरकली आणि वेदीसमोरचे कठडे निघाले. त्याची कागदावर बहुधा एखादीच ओळ असते. फरशीत सारख्या अंतरावर बुजवलेली भोकं दिसली तर ती त्या कठड्याच्या पायांची. ते काढताना पाहिलेली माणसं अजून आहेत, तेव्हा हे काम दप्तराच्याही आधी करा.

भुयाराची आणि पुरलेल्या सोन्याची कथा जवळजवळ प्रत्येक जुन्या जेझुइट घराला चिकटलेली असते. हाकलले जाण्याआधी पाद्र्यांनी खजिना लपवला, ही ती कथा. ‘भुयार’ म्हणून दाखवतात ते तपासलं की बहुतेक वेळा सांडपाण्याची दगडी गटार, धान्याचं तळघर किंवा थडग्यांची खोली निघते. कथा कुणी, कधी, कोणत्या शब्दांत सांगितली ते नोंदवा, पण मजकुरात ती जागा नकाशावर दाखवू नका. असल्या कथांपायी लोकांनी फरश्या आणि वेद्यांचे पाये खणून काढले आहेत.

लिहून काढताना

वहीतून मजकूर करताना प्रत्येक बांधकामाला दोन मर्यादा द्या: याआधी नाही, आणि यानंतर नाही. ‘१६४१ च्या यादीत या घरावर कर्ज नाही, १६४७ च्या यादीत आहे, आणि १६४९ च्या पत्रात चॅपेलमध्ये मिस्सा झाल्याचा उल्लेख आहे’ असं लिहिलं की ‘१६४१ ते १६४९ च्या दरम्यान’ हे वाचकाला स्वतःच दिसतं. एकच साल देण्याचा मोह आवरा. पहिला उल्लेख म्हणजे बांधकाम नव्हे.

संघ गेल्यानंतरचा काळ दोन ओळींत उरकू नका. दुसऱ्या संघाकडे गेलं, शाळा झाली, कोठार झालं, छप्पर पडलं, गावानं वर्गणी काढून चढवलं. छोट्या गावाच्या चॅपेलचं जास्तीत जास्त आयुष्य बहुतेकदा या काळात गेलेलं असतं, आणि आज उभी असलेली भिंत पुष्कळदा त्याच काळातल्या गवंड्यांची असते. जुन्या पोस्टकार्डांवर ते दिसतं. कार्डाच्या मागच्या बाजूला पत्ता आणि मजकूर यांच्यामध्ये उभी रेघ नसेल तर ब्रिटनमधलं कार्ड बहुधा १९०२ आधीचं, फ्रान्समधलं १९०४ आधीचं, अमेरिकेतलं १९०७ आधीचं.

फोटोंच्या फाइलींना जागा, दिशा आणि तारीख अशा क्रमानं नावं द्या. नकाशा, वही आणि रेकॉर्डिंग यांच्या तीन प्रती करा: एक चॅपेलच्या कपाटात, एक धर्मप्रांताच्या दप्तरात, एक सार्वजनिक ग्रंथालयात. नकाशाच्या कोपऱ्यात मोजमाप कोणत्या दिवशी घेतलं ते लिहा आणि ज्या भागात शिरता आलं नाही तो भाग तुटक रेघेनं दाखवा, म्हणजे पुढे कुणाला शिडी मिळाली की त्यानं कुठून सुरुवात करायची ते त्याला कळेल.